खांदेरीची लढाई टेबलावर खेळायचीय: गलबतं कशाची करू, आणि या दमट हवेत प्रायमरचं काय?

दर्यावरचा वारा (देवगड):

मंडळी नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, मिनिएचर, मॉडेलं, रंगकाम, चिलखत असल्या गोष्टींचा नाद असलेल्यांनी कृपया सवडीने वाचा.

आम्ही देवगडात चारपाच जण आहोत, आधी नुसते बोर्डगेम खेळायचो, मग पुण्याचा एक मित्र वॉरहॅमरचा स्टार्टर सेट घेऊन आला आणि सगळ्यांना वेडच लागलं. छोटे शिपाई रंगवायचे, टेबलावर डोंगर-भिंती मांडायच्या, टेपने अंतर मोजून तुकड्या हलवायच्या, फासे टाकून लढायचं, सगळंच आवडलं. आता मनात असं आहे की ते अंतराळातले शिपाई थोडे बाजूला ठेवून आपल्या दर्यावरचं कायतरी खेळावं. विजयदुर्ग आमच्याच तालुक्यात, लहानपणापासून तटावरून फिरलोय, म्हणून पहिल्यांदा तिथली १७५६ ची लढाई घ्यायचं चाललं होतं. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की त्यात खेळाला जागाच नाही, इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार आलं, तोफांचा मारा सुरू झाला, एका जहाजाला आग लागली आणि ती पसरत जाऊन आंग्र्यांचं नांगरलेलं आरमार जळून गेलं. तुळाजी आंग्र्यांच्या बाजूने बसणाऱ्याने करायचं काय? म्हणून मग खांदेरी, १६७९, शिवाजी महाराजांचं आरमार विरुद्ध इंग्रज. दोन्ही बाजूंना काहीतरी करण्यासारखं आहे असं वाटतंय, बरोबर आहे का सांगा.

आता अडचणी. स्केल ठरत नाही. आमचे सगळे शिपाई २८ मिमीचे, त्या मापात वीस मीटरचं गलबत केलं तर ते फूटभराच्या वर जातं, अशी वीस गलबतं ठेवायला टेबल नाही अंगण लागेल. गुराब (मोठं लढाऊ जहाज) आणि गलबत (वल्ह्यांची लहान लढाऊ होडी) तयार मिळत नाहीत, बाहेरची जी जहाजं मिळतात ती सगळी उंच डेकवाली युरोपियन. थर्माकोल, एम-सील, लाकूड, कशाचं करावं? आणि रंगाचं तर विचारूच नका, ऑगस्टमध्ये स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, मारला की वर पिठासारखा खरखरीत थर बसतो, आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे हेच होतंय, वरून वार्निश मारलं तर ते दुधाळ पडतं. समुद्रापासून आम्ही सगळे हाकेच्या अंतरावर राहतो, त्यामुळे हवा बदलणं आमच्या हातात नाही.

शेवटचं म्हणजे माझी भाची आठवीत आहे, तिला शिवजयंतीच्या मिरवणुकीत घालायला कड्यांचं चिलखत हवंय, आणि ते तिला स्वतः विणायचंय. विकतचं नको म्हणते. तार कुठली घ्यायची?

थळचा मचवा (अलिबाग):

खांदेरी घेतलंत, फार आनंद झाला. मी थळचा, किनाऱ्यावर उभं राहिलं की खांदेरी-उंदेरी दोन्ही समोर दिसतात. २०२५ च्या जुलैमध्ये, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे, आणि तुमचा विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग पण आहेत, तेव्हापासून चौकशी करणारे वाढलेत पण लढाईबद्दल विचारणारे कमीच.

थोडक्यात मांडणी अशी. पावसाळा सरत आला तशी महाराजांची माणसं बेटावर उतरली आणि मायनाक भंडारींच्या देखरेखीखाली तट बांधायला लागली. बेट मुंबईच्या तोंडावर, त्यामुळे इंग्रज हादरले, त्यांनी जहाजं पाठवून वेढा घातला, सप्टेंबरात बेटावर उतरायचा प्रयत्न केला तो मोडून काढला गेला. मग १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान याचं आरमार नागावच्या बाजूने आलं आणि खरी झुंज झाली. इंग्रजांकडे आठ जहाजं, त्यात रिव्हेंज हे एक मोठं, बाकी गुराबं आणि शिबाडं, मचवे असल्या लहान शिडाच्या होड्या. मराठ्यांकडे कैक पट जास्त पण लहान होड्या. डव्ह नावाचं गुराब मराठ्यांनी पकडलं, इतर मागे सरली, रिव्हेंज मात्र तोफांच्या जोरावर टिकून राहिलं. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजू आपण जिंकलो म्हणू शकत होत्या! पण वेढा काही बसला नाही. रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या होड्या रसद घेऊन बेटावर जातच राहिल्या, पुढे सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला तरी तेच, आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून जहाजं परत नेली. सिद्दीने तेवढ्यात शेजारचं उंदेरी बळकावलं ती गोष्ट वेगळी.

म्हणून माझं अगदी कळकळीने सांगणं आहे की खेळ जहाजं बुडवण्याचा करू नका. खेळ रसदेचा करा. मराठा खेळाडूच्या सहा गलबतांवर दगड-चुना-धान्य आहे असं धरा, बाकीची लढाऊ, आणि बारा फेऱ्यांत सहापैकी चार बेटाला लागली तर तो जिंकला. इंग्रजाने काहीही बुडवलं, कितीही बुडवलं, पण चार पोचली तर तो हरला. असं केलं की मराठा खेळाडू आपोआप तसाच खेळतो जसे ते लोक खेळले, अंगावर जाऊन हुलकावणी द्यायची, मोठ्या जहाजाला एका बाजूला गुंतवायचं आणि दुसऱ्या बाजूने होडी काढायची. नाहीतर सगळे मध्ये गोळा होऊन फासे टाकत बसतात.

दुसरं, वारा. वाऱ्याचा नियम नसेल तर ही लढाई खेळूच नका, कारण सगळी गंमत तिथेच आहे. गलबत वल्ह्यांवर चालतं, चाळीस-पन्नास वल्ही, बुड उथळ, वारा पडला तरी ते जातं. रिव्हेंजसारखं जहाज वारा पडला की जागच्या जागी. तुम्ही देवगडचे, तुम्हाला सांगायला नको, पावसानंतर सकाळी मतलई वारा जमिनीवरून सुटतो आणि दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून येतो, मध्ये काही वेळ पान हलत नाही. तेच टेबलावर आणा. पहिल्या चार फेऱ्या मतलई, म्हणजे पूर्वेकडून. पाचवी-सहावी वारा पडलेला, शिडाच्या जहाजाने फासा टाकायचा, सहा आला तरच दोन इंच सरकायचं. सातवीपासून खारा वारा, पश्चिमेकडून. इंग्रज खेळाडूला कळतं की पाचव्या फेरीत आपण अडकणार, मग त्याआधी कुठे जाऊन उभं राहायचं याचा विचार तो पहिल्या फेरीपासून करायला लागतो.

वल्हेकऱ्यांना दमायला लावा मात्र. जोरात वल्हवलं तर आठ इंच, साधं चार, आणि तीन फेऱ्या जोरात मारल्या की पुढची फेरी विश्रांती, गलबताशेजारी एक कवडी ठेवायची म्हणजे लक्षात राहतं.

तोफा: गुराबाच्या मोठ्या तोफा नाळेवरून (जहाजाच्या पुढच्या टोकावरून), पुढच्या दिशेने मारणाऱ्या, रिव्हेंजच्या दोन्ही कुशींना. म्हणून इंग्रज जहाजाच्या पिछाडीने जायचं, तिथे तोफा कमी, आणि दोन-तीन गलबतं एकदम भिडवून वर चढायचं. हे आपल्या आरमाराचं नेहमीचं तंत्र होतं, पुढे आंग्र्यांनी ते आणखी मुरवलं. भिडताना एकट्या गलबताला फाशावर काहीच वाढ देऊ नका, दोन असतील तर एक, तीन असतील तर दोन. म्हणजे माणसं आपोआप घोळक्याने जातील.

आणि वीस गलबतं एकेक करून हलवायला वेळ लागेल त्यासाठी डीबीए नावाचा १९९० चा एक नियमसंच आहे प्राचीन-मध्ययुगीन लढायांचा, प्रत्येकी फक्त बारा तुकड्यांचं सैन्य आणि तासाभरात खेळ संपतो, त्यातली एक युक्ती घ्या. दर फेरीला एक फासा टाकायचा, जो आकडा पडेल तेवढ्याच हालचाली करता येतात, पण एकमेकांना लागून असलेला अख्खा गट एकाच हालचालीत जातो. सरदाराचा हुकूम सगळीकडे पोचत नाही ही गोष्ट त्यात इतकी छान येते की मला तरी त्याहून साधा उपाय माहीत नाही.

टेबल चार बाय चार फूट पुरे. पूर्वेला किनारा, आग्नेयेच्या कोपऱ्यात नागावची खाडी, पश्चिमेकडे बेट, आणि बेटाभोवती खडक ठेवायला विसरू नका, त्यावर मोठं जहाज चढलं की संपलं, गलबताला चालतं.

चितारआळीचो (सावंतवाडी):

मी सावंतवाडीचो, पण हय सगळ्यांका समजाक व्हया म्हणान साध्या मराठीत लिवतंय.

स्केल १:३०० धरा. वीस मीटरचं गलबत साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास येतं, रिव्हेंज दहा-बारा सेंटीमीटर धरा, हातात घेऊन हलवायला बरं, रंगवायला पण डोळे फुटत नाहीत. १:१२०० मध्ये गलबत पावणेदोन सेंटीमीटरचं होईल, त्याची वल्ही कोण करणार.

थर्माकोल नको. एक तर स्प्रेतलं द्रावण थर्माकोल खातं, फेवीक्विक पण खातं, आणि हाताळून हाताळून कडा झडतात. लाकूड घ्या. आमच्याकडे खेळणी करायला पांगारा वापरतात, हलका, मऊ, चाकूने लोण्यासारखा कापतो, रेषा फाटत नाही. पांगारा नसला तर कुठल्याही सुताराकडे जाऊन मऊ लाकडाचे तुकडे मागा, नाही म्हणणार नाही. फक्त चांगलं वाळलेलं पाहिजे, ओल्या लाकडाची होडी केलीत तर दिवाळीपर्यंत चीर पडेल.

करायचं असं. साडेसहा सेंटीमीटर लांब, दीड रुंद, एक उंच असा ठोकळा. वरून पेन्सिलने होडीचा आकार काढायचा, नाळेकडे टोकदार, पिछाडीला थोडा रुंद. कडा चाकूने उतरवायच्या, मग पॉलिशपेपर, आधी ८०, मग १५०, शेवटी २२०. खेळात पाण्याखालचा भाग दिसत नाही म्हणून बुड सपाटच ठेवा, टेबलावर नीट बसतं. गुराबाची खूण म्हणजे पुढे लांब निघालेली नाळ, ती वेगळी कोरून चिकटवा. युरोपियन जहाजाला पुढे जे उंच घर असतं ते गुराबाला नसतं, पुढचा भाग बसका, आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं आणि मागून तोफा सरळ पुढे मारता येतात. हा एक फरक नीट केलात की टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून पण कुठलं गुराब आणि कुठलं रिव्हेंज ते कळतं.

डोलकाठी आणि परबाणाला (शीड बांधायच्या आडव्या काठीला) टूथपिक आणू नका, नारळाचा हीर घ्या. झाडूतलाच. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, डोलकाठी निमुळती असते तशीच आयती मिळते, तासायची गरज नाही. वाळलेला हीर घ्यायचा आणि जाड टोकाकडचा सरळ भाग कापायचा, शेंड्याचा वाकतो. वल्ह्यांसाठी शेंड्याचे तुकडे, एकेक चिकटवत बसायचं नाही, कागदाच्या पट्टीवर ओळीने चिकटवून अख्खी पट्टी होडीच्या कुशीला लावायची. शीड म्हणजे जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा, फेवीकॉलच्या पाण्यात बुडवून बाटलीवर वाळत घाला, वाऱ्याने फुगल्यासारखा आकार धरतो. गलबतांना तिरक्या परबाणावरचं तिकोनी शीड, चौकोनी करू नका. दोरांना सुती दोरा, मेण लावून ओढला की तूस बसतं.

अजून एक सुचवू का. वाऱ्याचे, दारूगोळा भिजल्याचे, सिद्दीची जहाजं आल्याचे वगैरे प्रसंग पत्त्यांवर काढणार असाल तर पत्ते गोल करा, गंजिफासारखे. आमच्याकडे दशावतारी गंजिफा अजून हाताने रंगवतात, राजवाड्यात काम बघायला मिळतं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, १२० पत्ते. तुम्हाला एवढे नकोत, वीस-पंचवीस पुरेत. जाड पुठ्ठ्याच्या चकत्या, वर पांढऱ्याचा हात, मग चित्र, वरून चकाकी. पहिला मत्स्यावतार आरमाराच्या खेळाला किती शोभेल बघा. पोरं हे काम आवडीने करतात आणि चित्रकलेचा हात बसतो.

खाडीपलीकडचा (चिपळूण):

एवढा खटाटोप कशाला, रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घ्या, एक गलबत कॉम्प्युटरवर बनवा आणि रात्रीत दहा छापा. आता प्रिंटर परवडतात. आमच्या गावातला एक जण २८ मिमीचे मावळे छापतो, पगडीच्या घड्या पण दिसतात.

जांभा दगड (रत्नागिरी):

प्रिंटर चांगलाच आहे पण कोकणात दोन गोष्टी आधी ठरवा मगच घ्या. लाईट. छापताना मध्ये लाईट गेली की बहुतेक वेळा ते छापणं वाया, म्हणजे यूपीएस आलाच, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. दुसरं, कच्चं रेझिन अंगाला लागू द्यायचं नसतं, नायट्राइलचे हातमोजे पाहिजेत, छापलेला तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायचा, मग अतिनील दिव्याखाली पक्का करायचा, आणि धुतलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. जुलैमध्ये खिडक्या बंद असलेल्या घरात लहान पोरं असताना हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वेगळी पडवी किंवा मांगर असेल, हवा खेळती असेल, तर खुशाल करा. मावळ्यांच्या चेहऱ्यासाठी प्रिंटर, होडीसाठी लाकूड, अशी वाटणी मला पटते. वर लाकडाबद्दल जे लिहिलंय ते फार मोलाचं आहे, जपून ठेवा.

आता चिलखताबद्दल, कारण माझा मुख्य छंद तोच. भाचीचं कौतुक वाटलं, स्वतः विणायचं म्हणते हे सगळ्यात महत्त्वाचं. तिला सांगा हे काम अवघड अजिबात नाही, चिकाटीचं आहे. एका कडीत चार कड्या, ही सगळ्यात जुनी आणि सोपी विण, अर्ध्या तासात हात बसतो.

तार: अॅल्युमिनियम. समुद्राकाठी साधी बांधकामाची बायंडिंग वायर घेतलीत तर ती गंजून कपड्यावर तांबडे डाग पडतील, शिवाय ती इतकी मऊ की कड्या उघडतात. जीआय तार टिकते थोडी पण जड, आणि तिच्यावर जस्त असतं त्यामुळे ती कधीही तापवायची नाही, धूर वाईट. स्टेनलेस उत्तम पण कडक, आठवीतल्या मुलीच्या मनगटाला त्रास होईल. अॅल्युमिनियम हलकं, पक्कडीने सहज वळतं, खाऱ्या हवेत तांबडं होत नाही. पोलादी कड्यांचं मोठ्या माणसाचं अंगरखाभर चिलखत दहा किलोच्या घरात जातं, मिरवणुकीत चार तास घालून चालायचंय हे लक्षात घ्या.

जाडी १.६ मिमी, आणि ८ मिमीच्या सळईवर गुंडाळायची. आतला व्यास भागिले तारेची जाडी, हा आकडा पाचच्या आसपास आला की विण चांगली बसते. चारच्या खाली गेलात तर कापड ताठ होतं, सहाच्या वर गेलात तर जाळं ढिलं लोंबतं. सळईवर स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळी करायची, काढायची, आणि कटरने एका रेषेत कड्या कापायच्या. कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच, तुकडे उडतात. कडी उघडताना दोन्ही टोकं बाजूला ताणायची नाहीत, एक पुढे एक मागे अशी पिळायची, म्हणजे बंद करताना गोल राहते आणि टोकं बरोबर भिडतात. भिडलेल्या टोकावरून नख फिरवून बघायचं, अडकलं तर परत दाबायचं, नाहीतर तिथे सदऱ्याचे धागे ओढले जातात. खऱ्या लढाईतल्या कड्यांना टोकाशी रिबिट मारलेली असायची, मिरवणुकीला त्याची गरज नाही.

आणि पहिल्यांदा अख्खं चिलखत विणायला बसवू नका तिला, हजारो कड्या लागतात. आधी खांद्यावरून छातीपर्यंत येणारी गळपट्टी करू दे. ती जाड सुती, आत कापूस भरलेल्या अंगरख्यावर फार उठून दिसते, आणि असे कापूस भरलेले अंगरखे आपल्याकडे लढाईत वापरायचेच. शिवजयंती १९ फेब्रुवारीला, आत्तापासून रोज थोडं विणलं तर गळपट्टी नक्की होते, पूर्ण बाह्यांचं पुढच्या वर्षी.

आखणीवाला (पेण):

रंगाचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आमच्या पेणला घराघरात गणपतीचे कारखाने, मी लहानपणापासून त्याच रंगात वाढलोय, आणि मिनिएचरचा नाद पण आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगता येईल.

स्प्रे का बिघडतो तर डब्यातून बाहेर पडताना द्रावण झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतली वाफ त्याच्यावर बसते. म्हणून वार्निश दुधाळ. आणि लांबून मारलं की थेंब हवेतच वाळतात आणि भुकटी होऊन चिकटतात, म्हणून खरखर. जून ते सप्टेंबर कोकणात स्प्रे बंदच ठेवा. ब्रशने लावायचा अॅक्रिलिक प्रायमर घ्या, किंवा लाकडाला तर पांढरा अॅक्रिलिक गेसो (रंगाआधी लावायचं अस्तर) दोन पातळ हात, मध्ये हलका पॉलिशपेपर. स्प्रेच मारायचा असेल तर दसरा झाल्यावर, दुपारी, कोरड्या दिवशी, वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, थांबून थांबून. ऑक्टोबरचं ऊन आपल्याला एरवी नकोसं होतं पण या कामाला त्यासारखा महिना नाही. दुधाळ पडलेलं वार्निश फेकून देऊ नका, कोरड्या दिवशी त्यावर ब्रशने चकचकीत वार्निशचा एक हात द्या, बरंचसं सुधारतं, मग वरून मॅट.

पोस्टर कलर वापरू नका, बरेच जण स्वस्त म्हणून घेतात. तो डिंकात बांधलेला असतो, वाळल्यावरही पाणी लागलं की सुटतो, आणि खेळात घामट बोटं लागणारच. अॅक्रिलिक वाळलं की वाळलं. शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारं साधं अॅक्रिलिक चालतं, दाट असतं एवढंच, पाणी घालून दुधाइतकं पातळ करा आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्या.

आता रंगवण्याचा क्रम, आणि इथे कारखान्यातली शिस्त फार उपयोगाला येते. आमच्याकडे एक मूर्ती पूर्ण करून दुसरी घेत नाहीत. सगळ्या मूर्तींना अंगरंग, मग सगळ्यांची पितांबरं, मग दागिने, आणि आखणी, म्हणजे डोळे काढणं, सगळ्यात शेवटी, ती सगळ्यात मुरलेल्या हाताने. गलबतांचं तसंच करा, वीस होड्या ओळीत ठेवा, सगळ्यांना तपकिरी, मग सगळ्यांवर काळपट तपकिरी रंगाचं पाणी सोडा, ते खाचांत बसतं आणि फळ्या उठून दिसतात, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट पिवळसर रंग कडांवरून नुसता फिरवायचा. एवढ्यावरच लाकूड लाकडासारखं दिसायला लागतं. भगवं निशाण शेवटी, आणि ते खऱ्या निशाणापेक्षा थोडं जास्त उजळ करा, कारण एवढ्या लहान वस्तूवर खरा रंग मंद दिसतो.

मावळ्यांच्या डोळ्यांसाठी लोक तीन शून्यांचा ब्रश शोधत बसतात. त्यात रंग राहतच नाही, टोकाला पोचेपर्यंत वाळतो. एक नंबरचा घ्या पण टोक सुईसारखं जुळणारा. आखणीला हात टेकवायचा, दोन्ही मनगटं एकमेकांना लावून, श्वास सोडताना रेघ मारायची. आधी डोळ्याच्या जागी गडद तपकिरी आडवी रेघ, त्यात पांढरे दोन ठिपके, मध्ये काळा. पांढरं जास्त झालं की शिपाई घाबरलेला दिसतो, म्हणून वरची पापणी परत गडद रंगाने उतरवायची.

दर्यावरचा वारा (देवगड):

किती आभार मानू कळत नाही, एवढं सविस्तर उत्तर कुणी देईल असं वाटलं नव्हतं. आमच्या ग्रुपवर हा धागा सगळ्यांनी वाचला. ठरलंय ते असं: १:३००, पांगारा, हिराच्या डोलकाठ्या, रसदेचा खेळ. आमच्यातल्या एकाचे काका सुतार आहेत, ते ठोकळे कापून द्यायला तयार झालेत. भाची गळपट्टीला राजी आहे, पण पुढच्या वर्षी बाह्या हव्यातच असं तिने आधीच बजावलंय.

अजून एक आमच्या मनात आलंय. दरवर्षी दिवाळीत आळीतली पोरं दगडमातीचे किल्ले करतात, वर हळीव-मोहरी पेरतात, मातीचे मावळे मांडतात. यंदा पोरांनी खांदेरीच करायची आणि दिवाळी झाली की त्याच किल्ल्यासमोर निळं कापड अंथरून पहिला डाव खेळायचा असं चाललंय. त्यासाठी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. होड्या ज्यावर चिकटवायच्या त्या खालच्या पट्ट्यांना समुद्रावरची वाळू चालेल का? आणि पुढच्या पावसाळ्यात हे सगळं ठेवायचं कसं, कपाटात बुरशी येते आमच्याकडे.

थळचा मचवा (अलिबाग):

पोरांना किल्ला करायला देताय हे सगळ्यात आवडलं. पण मग मातीचे मावळे बेटावरच राहू देत, त्यांचं आणि होड्यांचं माप जुळणार नाही, आणि जुळलं नाही तरी काही बिघडत नाही. बेटावर दोन टेकड्या आणि मध्ये सखल भाग आहे, तेवढा आकार पोरांना दाखवा. आणि पहिल्या डावात सिद्दी आणू नका, आधी दोन बाजूंचा खेळ हाताला बसू दे. इंग्रजांच्या बाजूने ग्रुपमधला सगळ्यात चांगला खेळाडू बसवा, आठ जहाजांनी एवढा दर्या अडवणं हे अवघड काम आहे, नवख्याला दिलंत तर तो कंटाळेल.

चितारआळीचो (सावंतवाडी):

काकांना सांगा ठोकळे लाकडाच्या रेषेच्या लांबीत कापा, आडवे कापले तर नाळ मोडते. फोटो टाका हां, वाट बघतंय.

आखणीवाला (पेण):

वाळू चालेल, पण आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा आणि उन्हात कडक वाळवा. मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं, पट्टी कायम ओलसर राहते आणि रंगाला पापुद्रे येतात. पट्टी एमडीएफची करू नका, ती पाणी पिऊन फुगते, पातळ अॅक्रिलिक शीट किंवा प्लायवूड घ्या, आणि कडा पण रंगवून बंद करा. रंगवलेला समुद्र हवा असेल तर गडद निळ्यावर हिरवट निळा, लाटांच्या माथ्यावर पांढरा, वरून चकचकीत वार्निश, तिथे मॅट नको.

ठेवायला घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे, आत सिलिका जेलच्या पिशव्या, निळ्या दाण्यांची मिळाली तर ती घ्या, ओलावा भरला की दाणे गुलाबी होतात, तव्यावर मंद आचेवर तापवले की परत निळे. तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरायचा नाही. डबा बंद करायच्या आधी होड्या दोन दिवस उन्हात नाही, सावलीत वाळवून घ्या, ओल आत कोंडली तर सिलिकापण काही करू शकत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो आणि शाई शिडाला लागते. जुन्या मलमलचे तुकडे उरले असतील तेच घाला मध्ये. आणि सप्टेंबरात एकदा उघडून बघा, परबाणाच्या गाठींपाशी पांढरी बुरशी पहिल्यांदा दिसते, तिथे मऊ कोरड्या ब्रशने झटकायचं, ओल्या फडक्याने पुसायचं नाही.